दिनविशेषाचं गाणं कसं निवडावं?



जूनमध्ये शाळा सुरू झाली की आपण सगळे एक काम हटकून करतो. वर्षभराच्या जयंत्या-पुण्यतिथ्यांची यादी काढून ऑफिसच्या भिंतीवर चिकटवतो. कोणत्या तारखेला कुणाचा फोटो टेबलावर ठेवायचा, हार कोण आणणार, भाषणं कोणत्या वर्गाची, हे सगळं त्या यादीवरून ठरतं. गाण्याचं मात्र काही ठरलेलं नसतं. ते आदल्या रात्री मोबाइलवर शोधायचं, आणि जे पहिलं सापडेल ते सकाळी स्पीकरवर लावायचं. मीही कितीतरी वर्षं हेच केलं. मग एका १ ऑगस्टला सातवीतल्या एका मुलीने मला चांगलंच पकडलं.

१ ऑगस्ट ही तारीख तशी अवघडच. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळकांचं निधन झालं. आणि त्याच दिवशी, आताच्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. एकाच तारखेला एक पुण्यतिथी आणि एक जयंती. आम्ही काय केलं, दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले, हार घातले आणि एक संथ, गंभीर भजन लावलं. भाषणं झाली. रांगा वर्गात जायला लागल्या तशी ही मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, अण्णाभाऊंचा आज वाढदिवस ना? मग गाणं असं रडकं का लावलं?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. नंतर कळलं की तिच्या वस्तीत त्या दिवशी सकाळपासून रांगोळ्या, पताका, संध्याकाळी मिरवणूक असते. नवे कपडे घालून ती शाळेत आली होती. म्हणजे तिच्या घरी सण, आणि शाळेत मात्र सुतक! गाण्याची चूक ही एवढी मोठी असू शकते हे मला त्या दिवशी कळलं. चुकीचं भाषण मुलं विसरतात. चुकीच्या गाण्याने मात्र एखाद्या मुलाला वाटतं, की हा दिवस आपला नाही.

तेव्हापासून मी यादीत तारखेपुढे आणखी दोन रकाने आखते. एकात लिहिते, आज आपण काय करतोय: जन्माचा आनंद, निधनाची आठवण, की एखाद्या घटनेचा अभिमान? दुसऱ्यात, ते गाणं मुळात कशासाठी रचलं गेलं. हे दोन्ही रकाने जुळले तरच गाणं पक्कं. ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघा, आपल्या नेहमीच्या गाण्यांपैकी निम्मी तरी इथेच अडखळतील.

उदाहरण घ्या 'ऐ मेरे वतन के लोगों'चं. कवी प्रदीप यांचे शब्द, सी. रामचंद्र यांची चाल. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत, पंडित नेहरूंच्या उपस्थितीत लतादीदींनी ते गायलं. १९६२ च्या चीन युद्धात जे जवान गेले त्यांच्यासाठी ते गाणं आहे. म्हणजे ती श्रद्धांजली आहे. आणि आपण १५ ऑगस्टला काय करतो? चमचमते कपडे, हातात प्लॅस्टिकचे झेंडे आणि त्यावर समूहनृत्य! समोर पालकांमध्ये एखादं फौजी कुटुंब बसलेलं असतं. सातारा-कोल्हापूरकडच्या गावांत तर हमखास. हे गाणं १५ ऑगस्टला गाऊच नये असं माझं म्हणणं नाही. पण उभं राहून, शांतपणे, एका-दोघांनी गावं. नाचायला आनंदाची दुसरी गाणी पुष्कळ आहेत.

तसंच मातृदिनाचं. माधव ज्यूलियन यांची 'प्रेमस्वरूप आई' ही कविता आपण मातृदिनाला हौसेने बसवतो, समोर आया कौतुकाने मोबाइल धरून उभ्या असतात. ती कविता आईच्या कौतुकाची नाही. आई गमावलेल्या मुलाची ती हाक आहे. वर्गात ज्याची आई खरोखरच नाही अशा एखाद्या मुलाला ते शब्द पाठ करायला लावणं म्हणजे काय, याचा विचार आधी करायला हवा. मी ही कविता शिकवते, पण कवितेच्या तासाला, दार लोटून, आणि त्या मुलाशी आदल्या दिवशी दोन शब्द बोलून.

पालकहो, तुम्हाला वाटेल, एवढा काथ्याकूट कशाला? गाणं ते गाणं. पण आपल्या मराठीत प्रसंगाप्रमाणे गाण्याचे घाट आधीपासूनच ठरलेले आहेत. आपणच ते विसरलोय. जन्माला पाळणा, पराक्रमाला पोवाडा, स्मरणाला अभंग नाहीतर भजन. जात्यावरच्या ओव्यांत तर लेकाचं, भावाचं, माहेराचं सगळंच येतं. आजी-पणजींना हे कुणी शिकवावं लागलं नाही.

यातला पाळणा मला शाळेसाठी सगळ्यात उपयोगाचा वाटतो. रामनवमीला, गोकुळाष्टमीला पाळणा म्हणतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण शिवजयंतीला शिवरायांचा आणि आंबेडकर जयंतीला बाबासाहेबांचा पाळणाही गावोगावी म्हटला जातो. पाळण्याची रचना मुलांना फार आवडते, कारण त्यात मोजणी असते. पहिल्या दिवशी काय झालं, दुसऱ्या दिवशी काय झालं, असं करत करत बाराव्या दिवसापर्यंत, म्हणजे बारशापर्यंत जायचं. दर कडव्याला एक गोष्ट, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून म्हणायचं पालुपद. ज्याला गाता येत नाही तोसुद्धा पालुपद म्हणतोच.

चरित्राचा पाठ आणि पाळणा यांची सांगड घातली तर मुलं स्वतःच रचतात. त्या मुलीच्या प्रश्नानंतर पुढच्या वर्षी आम्ही सातवीकडून अण्णाभाऊंचा पाळणा करून घेतला. बारा कडव्यांत काय काय घालायचं यावर दोन दिवस वाद चालला. वाटेगाव आलं, जेमतेम दीड दिवसाची शाळा आली, वडिलांबरोबर पायी मुंबई गाठणं आलं, १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर काढलेलं लाल बावटा कलापथक आलं, 'फकिरा' आली. यमकं काही ठिकाणी ओढूनताणून होती, असू देत. दीड दिवसाच्या शाळेचं कडवं एका अशा मुलाने लिहिलं जो स्वतः महिन्यातून दहा दिवस गैरहजर असायचा.

प्रसंगासाठी गाणी रचणं हे काही कमी प्रतीचं काम नाही, बरं का. 'गीतरामायण' बघा. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं आणि पुढच्या वर्षीच्या रामनवमीपर्यंत चाललं. माडगूळकरांनी दर आठवड्याला एक गीत द्यायचं, बाबूजींनी म्हणजे सुधीर फडके यांनी चाल लावायची. त्या वर्षी अधिक महिना आला, त्यामुळे रामनवमी लांबली आणि गीतं झाली ५६. पंचांगाने कवीला जास्तीचं काम लावलं म्हणायचं!

ज्यांची जयंती, त्यांचेच शब्द मिळाले तर आणखी उत्तम. आणि महाराष्ट्रात ते पुष्कळ मिळतात, हे आपलं भाग्य. ३ जानेवारीला सावित्रीबाईंवरची गाणी आपण शोधत बसतो, पण सावित्रीबाई स्वतः कवयित्री होत्या. त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ चा आहे. तेव्हा त्या अवघ्या २३ वर्षांच्या होत्या. त्यातली शिक्षणावरची एखादी कविता मुलींनी साध्या चालीत म्हटली तर वेगळ्या भाषणाची गरजच उरत नाही. महात्मा फुल्यांनी शिवरायांवर १८६९ मध्ये पोवाडा लिहिला, तो शिवजयंतीलाही चालतो आणि ११ एप्रिललाही. त्यांचे अखंड तर अभंगाच्या घाटात आहेत. मुलांना येणारी अभंगाची एखादी साधी चाल घ्या, बहुतेक अखंड त्यात बसतात. एक-दोनदा म्हणून बघायचं, कुठे अडलं तर चाल बदलायची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवरची आहेत. खंजिरी नसेल तर डबा चालतो, आमच्याकडे तोच चालतो. २४ ऑगस्टला बहिणाबाई, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रज. ही दोन नावं तर पुस्तकातच आहेत, वेगळं शोधायला नको.

आंबेडकर जयंती आणि ६ डिसेंबर या दोन तारखांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे शाळा फार गोंधळतात. १४ एप्रिल जन्माचा दिवस, ६ डिसेंबर महापरिनिर्वाणाचा. भीमगीतांचं भांडार इतकं मोठं आहे की दोन्हींसाठी वेगवेगळी गाणी सहज मिळतात. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी आयुष्यभर हेच केलं. गावोगाव फिरून गाणी लिहिली, गायली. त्यात जल्लोष आहे, सवाल आहेत आणि शोकही आहे. पण आपण शिक्षक मोबाइलवर 'भीमगीत' असं टाकतो आणि जे डीजेवालं पहिलं येईल तेच ६ डिसेंबरला लावतो. माझा सल्ला असा: ज्या मुलांच्या घरी ही गाणी रोज म्हटली जातात त्यांना विचारा. त्यांना, त्यांच्या आज्यांना आपल्यापेक्षा खूप जास्त माहीत असतं. आमच्या इथे एका मुलाच्या आजीने शाळेत येऊन ६ डिसेंबरला एक जुनं गाणं म्हटलं. माइक नको म्हणाल्या. शंभर-सव्वाशे मुलं होती, पण एकही आवाज नव्हता.

फक्त एक काळजी घ्यायची. मुलाला विचारताना सगळ्यांदेखत "तुमच्यातलं गाणं सांग" असं कधीही म्हणायचं नाही. पूर्ण वर्गाला विचारायचं: कुणाच्या घरी या दिवसाचं गाणं म्हणतात का? ज्याला सांगायचंय तो सांगतो.

काही गाणी जन्म आणि निधन दोन्हीकडे चालतात. 'वैष्णव जन तो' हे पंधराव्या शतकातल्या नरसी मेहतांचं गुजराती भजन गांधीजींचं आवडतं, म्हणून ते २ ऑक्टोबरलाही आहे आणि ३० जानेवारीलाही. मग फरक लयीने करायचा. २ ऑक्टोबरला टाळ्यांच्या ठेक्यात, मध्यलयीत. ३० जानेवारीला विलंबित, पेटीचा नुसता सूर धरून. त्या दिवशी सकाळी ११ वाजता दोन मिनिटं मौन असतं. भजन मौनाच्या आधी घ्या. मौन संपल्या संपल्या स्पीकर सुरू केला की मौनाचं मातेरं होतं.

१ मे ची गंमत वेगळी. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन, दोन्ही एकाच दिवशी. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा आवाज लाभलेलं 'जय जय महाराष्ट्र माझा' १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत झालंय, त्यामुळे ते तर होईलच. त्याच्या जोडीला आठवी-नववीच्या मुलांना अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड ऐकवा. आधी मुलं खुदुखुदू हसतील, कारण वरवर ती मुंबईला आलेल्या आणि बायको गावी राहिलेल्या माणसाची तक्रार आहे. मग संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा फळ्यावर काढा आणि बेळगाव-कारवारला बोट ठेवा. कामगारही त्यातच आणि महाराष्ट्रही त्यातच. इतिहासाचा एक तास या एका गाण्यात बसतो.

आता वाढदिवस. इथे पालकांनी जरा लक्ष द्या.

वर्गात वाढदिवस म्हटला की 'हॅपी बर्थडे टू यू'. त्याला नाकं मुरडणारे खूप आहेत, मी त्यांच्यातली नाही. कारण ते गाणं आपल्याच जातीच्या माणसांचं, म्हणजे शिक्षकांचं आहे! अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुइव्हिलमध्ये पॅटी हिल बालवाडीच्या शिक्षिका होत्या आणि त्यांची बहीण मिल्ड्रेड चाली लावायची. १८९३ मध्ये त्यांच्या बालगीतांच्या पुस्तकात ही चाल आली, पण शब्द वाढदिवसाचे नव्हते. सकाळी वर्गात आल्यावर सगळ्यांना 'सुप्रभात' म्हणायचं ते गाणं होतं. चाल मुलांच्या तोंडी देऊन बघायची, अवघड गेली की बदलायची, असं करत करत ती सोपी झाली. वाढदिवसाचे शब्द तिला नंतर चिकटले. पुढे या गाण्याच्या हक्कावरून एका कंपनीने वर्षानुवर्षं पैसे घेतले. २०१५ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो दावा मोडीत काढला आणि २०१६ मधल्या तडजोडीनंतर गाणं सगळ्यांसाठी मोकळं झालं. आता तुम्ही त्या चालीवर मराठी शब्द खुशाल घाला. आमच्या पहिलीत याच चालीवर रोज सकाळी हजेरी होते.

वाढदिवसाची खरी अडचण गाण्याची नाही, तारखेची आहे. एप्रिलअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत ज्यांचा जन्म, त्यांच्यासाठी वर्गात कधीच गाणं होत नाही, कारण शाळाच बंद. आणि दाखल्यावर १ जून असलेली माणसं तर आपल्यात किती! जन्मतारीख घरच्यांना सांगता आली नाही की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. त्या पिढीतले शिक्षक म्हणूनच ३१ मे ला घाऊक निवृत्त होतात. आजही वीटभट्टीवरून, ऊसतोडीवरून आलेल्या काही मुलांची तारीख अशीच अंदाजे असते. एका मुलाने मला सांगितलं होतं, "माझा वाढदिवस कागदावर आहे, खरा नाही." मी त्याला विचारलं, मग खरा कधी? म्हणाला, "आई म्हणते, पोळा झाल्यावर."

मग काय, पोळ्यानंतरचा सोमवार त्याचा ठरला.

तेव्हापासून आम्ही दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्या महिन्यातल्या सगळ्यांचं गाणं एकत्र घेतो. एप्रिल-मे-जूनवाल्यांचं जुलैमध्ये. गाणं कोणतं, ते ज्याचा वाढदिवस त्याने सांगायचं. बालगीत, शेतकरी गीत, सिनेमाचं, काहीही. शब्द फार वावगे नसले की झालं. काही घरांत वाढदिवस करत नाहीत, काहींच्या घरी नुकतंच कुणी गेलेलं असतं. अशा मुलाला "या महिन्यात नको" म्हणायची मुभा असते. कारण विचारायचं नाही. केक आणायचा नाही हा नियम पालकसभेत पास करून घेतला, त्यामुळे तुलना संपली. सुरुवातीला दोन-चार पालक नाराज झाले, आता तेच बाकीच्यांना समजावतात.

घरच्या प्रसंगांनाही हीच युक्ती लागू पडते. आजोबांची पंचाहत्तरी असेल, आजी-आजोबांच्या लग्नाला ५० वर्षं झाली असतील, तर हॉलमध्ये आताची गाणी लावून त्यांना कोपऱ्यात बसवू नका. मुलांना कामाला लावा. आजीला विचारून यायचं: तुझ्या लग्नात बायका काय म्हणत होत्या? रेडिओवर तेव्हा काय लागायचं? ओवी, उखाणा, एखादं भावगीत, काहीतरी निघतंच. मोबाइलवर तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजीने सांगितलं की लग्नात बँड होता पण वाजवणारा एकच गाणं परत परत वाजवत होता, आणि ते गाणं ती आजही ऐकू शकत नाही. मग ते लावायचं नाही, हेही त्यातून कळलं!

जाता जाता दोन व्यवहाराच्या गोष्टी. एक, पट्टी. सर लोक आपल्या सोयीने काळी एक नाहीतर काळी दोनमध्ये सुरू करतात आणि मुलं खाली गुणगुणत राहतात. मुलांसाठी काळी चारच्या आसपास धरून बघा, आणि गाण्यातली सगळ्यात वरची ओळ आधी म्हणवून घ्या. ती जमली तर पुढे जा, ओरडावं लागलं तर पट्टी उतरवा. दोन, व्हिडिओ. शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी पालकांसमोर गाणं सादर करायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. पण तोच व्हिडिओ यूट्यूबवर टाकणं ही वेगळी गोष्ट. तिथे आवाज बंद केला जातो किंवा नोटीस येते. मुलांचे चेहरे असतात, त्यामुळे पालकांना विचारल्याशिवाय तसंही टाकू नये. कवीच्या निधनाला ६० वर्षं होऊन गेली की शब्द मोकळे होतात, म्हणून बहिणाबाई किंवा सावित्रीबाई यांच्या कवितांना स्वतः चाल लावली तर काही अडचण येत नाही.

आमच्या १ ऑगस्टचं आता असं ठरलंय. आधी लोकमान्यांचा फोटो, एक मिनिट शांतता आणि पेटीवर भजन. मग घंटा. मुलं पाच मिनिटं मोकळी होतात, अंगणात रांगोळी पडते, ढोलकी बाहेर येते आणि अण्णाभाऊंचा पाळणा सुरू होतो. यंदा पहिल्या दिवसाचं कडवं कुणी म्हणायचं यावरून सातवीत जोरदार भांडण लागलंय. सोमवारी चिठ्ठ्या टाकणार आहोत.